नावाड्यानं कुठं राहायचं

गोदावरीवर पूल झाला आणि धर्माबादेकडच्या एका घाटावर वीस वर्षं माणसं उतरवणारा नरसिंग भोई एका उन्हाळ्यात रिकामा झाला. काल-परवापर्यंत त्याच्या नावेत बसणारी माणसं आता एसटीच्या खिडकीतून खाली पाणी बघत जायची. ओळखीचं कोणी असलं तर वरूनच हात करायचं. नरसिंगही हात करायचा आणि नाव काठाला बांधून बिडी ओढत बसायचा.

अशात लातूरहून कागद आला. लातूर वेगळा जिल्हा होऊन चौथं वर्ष लागलं होतं. नव्या कचेऱ्या, नवे शिक्के, अडून राहिलेली जुनी कामं भराभर निघत होती. तिकडं लेंडकी नदीवर धरणाची भिंत पुरी झाली होती. तलाव भरला की दोन गावांच्या चहूबाजूंनी पाणी होणार होतं, एक बेलकुंडी आणि दुसरं हिप्परगा. घरं उंचावर, म्हणून गावं उठवली नव्हती. पण वाटा आणि खालची शेतं पाण्यात जाणार होती. त्यासाठी सरकारनं दोन गावांत मिळून एक नाव मंजूर केली होती आणि एक नावाडी.

नरसिंगला वाचता येत नव्हतं. बायको कोंडाबाई चौथी शिकलेली. तिनं कागद उजेडाला धरून वाचला, एका ओळीवर थांबली आणि ती ओळ पुन्हा मोठ्यानं वाचली. "नावाड्याने दोहोंपैकी एका गावी कायम वास्तव्य करावे. नाव नावाड्याच्या गावी राहील."

"म्हंजे?" नरसिंग म्हणाला.

"म्हंजे कुठं राहायचं ते आपण ठरवायचं. आन् आपण राहू तिथं नाव."

"मग सोपं हाय."

"बघू की," कोंडाबाई म्हणाली. तिचा बापही नावाडी, आजाही नावाडी. लग्नाआधी पुरात तिनं बापाच्या बरोबरीनं वल्हं मारलं होतं. पाण्याच्या गोष्टीत कोणी सोपं म्हटलं की ती सावध व्हायची.

चैत्रात दोघं तिथं पोचली. पाणी कुठंच नव्हतं. धरण झालं त्या वर्षी तळाशी थोडं साठलं होतं, पुढं दोन पावसाळे कोरडे गेले. आता नदीच्या खोलगटात शेवाळलेलं एक डबकं होतं आणि बाकी सगळी भेगाळलेली काळी माती. त्या मातीच्या बरोबर मधोमध, दोन्ही गावांपासून सारख्या अंतरावर, नवी कोरी नाव पडली होती. ट्रकवाल्यानं ती बेलकुंडीत उतरवायला घेतली तर हिप्परग्याची माणसं आडवी आली, हिप्परग्यात न्यायला गेला तर बेलकुंडीची. शेवटी तो वैतागून मध्येच टाकून गेला होता. नावेवर रंगाऱ्यानं 'जि. उस्मानाबाद' लिहून मग ते खोडलं होतं आणि वर ठळक 'जि. लातूर' काढलं होतं.

नरसिंग हसायला लागला. "कोंडे, पाण्याबिगर नाव आन् नावेबिगर नावाडी. बरं जमलं बघ."

कोंडाबाईनं नावेच्या फळ्यांवरून हात फिरवला. लाकूड चांगलं होतं, पण उन्हानं सांध्यांत फटी पडू लागल्या होत्या. "पोतं ओलं करून टाकायला पायजे हिच्यावर," ती म्हणाली. पुढं तिनं दोन्ही गावांकडं आळीपाळीनं बघितलं. मावळतीला बेलकुंडी, उगवतीला हिप्परगा. मध्ये सरळ रेषेत अर्धा मैल.

नावाडी आल्याची बातमी त्या अर्ध्या मैलात वाऱ्यासारखी गेली आणि पाहुणचार सुरू झाला.

बेलकुंडीचे शेषेराव पाटील स्वतः घेऊन गेले. गाव मोठं, सातवीपर्यंत शाळा, पिठाची गिरणी. पाटलांनी सोसायटीचं रिकामं गोदाम दाखवलं. पत्र्याचं छप्पर, फरशी, दाराला कडीकोयंडा. "ह्ये तुमचं मकान. आजच ऱ्हावा," ते म्हणाले. "आमच्या गावात हिप्परग्याच्या तिप्पट माणूस हाय. जास्ती माणसं जिथं, तिथं नाव. हिशोबाची गोष्ट हाय, का खोटं?"

"खरं हाय, मालक," नरसिंग म्हणाला.

दुसऱ्या दिवशी हिप्परग्याचे गुरुबसप्पा आले. वयस्क, कपाळावर विभूती, बोलणं सावकाश. त्यांचं गाव लहान, शाळा चौथीपर्यंत, पाण्याला टँकर. त्यांनी मठाजवळची एक खोली दाखवली. भिंती मातीच्या, पण जमीन शेणानं लख्ख सारवलेली. "बेलकुंडीला सगळंच हाय," ते म्हणाले. "शाळा हाय, गिरणी हाय. आमच्याकडं कायच न्हाई. नाव तरी असू द्या."

"खरं हाय, अप्पा," नरसिंग म्हणाला.

संध्याकाळी नावेच्या सावलीत बसून कोंडाबाईनं नवऱ्याला विचारलं, "तुम्ही दोन्हीकडं हाव म्हणून आले?"

"माणसं चांगली हायत. न्हाई कसं म्हणावं?"

"मग आता तुम्ही काय बोलू नका. मी बघते."

नरसिंगला बरंच वाटलं. त्यानं वीस वर्षांत कुणाला नावेत घ्यायला नाही म्हटलं नव्हतं, जागा नसली तरी घ्यायचा. असल्या माणसानं निवड करायची म्हणजे अवघड.

कोंडाबाईनं आणखी कुठलं घर बघितलं नाही. हातात काठी घेऊन ती कोरड्या तळात हिंडायला लागली. सकाळी निघायची, ऊन डोक्यावर आलं की परतायची. कुठं पाटलांच्या बुडित शेतातली विहीर, तिचा कठडा किती उंच, कुठं तोडलेल्या बाभळींचे खुंट, कुठं जुन्या वाटेचा बांध. पाणी आल्यावर हे काहीच दिसणार नव्हतं आणि नावेच्या तळाला मात्र लागणार होतं. दोन्ही गावांतली माणसं वरून बघायची. "बाई काय हरवलं म्हणून हुडकूलाली?" असं एकमेकांना विचारायची.

आठ दिवसांत तिला पुष्कळ कळलं. बेलकुंडीचा काठ म्हणजे खडकाची कपार. पाणी थोडं असो की फार, नाव नीट लावायला जागा नाही. माणसं एकमेकांचा हात धरून उतरतील, म्हातारी माणसं घसरतील. हिप्परग्याच्या खालच्या अंगाला मात्र मुरमाचा सौम्य उतार होता आणि त्याला लागूनच एका ओढ्याचं तोंड. उताराच्या आड असल्यानं तिथं वारं लागत नव्हतं. नाव बांधायला अशी जागा धर्माबादेलाही नव्हती. तरीपण बेलकुंडीचं पारडं हलकं झालं नव्हतं. तिप्पट माणूस, शाळा, पक्कं छप्पर. कपारीला पायऱ्या खोदता आल्या असत्या.

नवव्या दिवशी बेलकुंडीच्या कपारीवर एक म्हातारी बसलेली दिसली. शेषेराव पाटलांची चुलती, साखराबाई. पंच्याहत्तरीची, पाठीत वाकलेली, पण आवाज खणखणीत. कोंडाबाई टेकायला तिच्याजवळ बसली.

"तू पान्यावाली का गं?"

"हाव, आजी."

"मी हिप्परग्याची लेक," साखराबाई म्हणाली आणि समोर बोट केलं. "तो लिंब दिसतो ना, त्याच्या मागचं घर. साठ वर्सं झाली मला हिकडं येऊन. पन एक सांगते. म्हायरी असताना आमाला बेलकुंडीचं समदं ऐकू यायचं. हितलं भांडन, हितला आरडाओरडा. सासू-सुनांचं काय चाललंय ते आमी आमच्या वट्यावर बसून ऐकायचो. आन् हिकडं आल्यापसून म्हायराचा एक कोंबडा ऐकू आला न्हाई मला."

कोंडाबाईनं मान वळवली. "कधीच न्हाई?"

"हिवाळ्यात कवातरी. आखाडापासून वारं सुटलं की काय न्हाई. वारं समदं हिकडून तिकडं. आमचा बाप मरायला टेकला तवा भाऊ काठावर यून बोंबलला. आखाड होता, नदीला पूर. कुनाला ऐकू आलं न्हाई. दुसऱ्या दिवशी मानूस आला तवा कळलं." म्हातारीनं हे रडून सांगितलं नाही. आज डाळ कमी शिजली असं सांगावं तसं सांगितलं.

कोंडाबाई उठली. "आजी, तुम्ही माझं काम केलं," ती म्हणाली आणि सरळ तळ तुडवत हिप्परग्याकडं निघाली.

तिनं नरसिंगला सांगितलं, "पाणी आलं की माणूस काठावर उभा राहून हाक मारणार. कुणाला ताप, कुणाची जनावरं पल्याड अडकली. नावाड्याला ती हाक ऐकू आली पायजे. आपण बेलकुंडीत राहिलो तर हिप्परग्याची हाक पावसाळ्यात आपल्याला येणार न्हाई. हिप्परग्यात राहिलो तर हिप्परगा तर आपलाच, आन् बेलकुंडीची हाक वारं आणून देतं."

"पण पत्र्याचं मकान..."

"पत्रा आपण कवाबी घालू. वारं फिरवता येतं का?"

नरसिंगनं बिडी विझवली. "न्हाई," तो म्हणाला. "घाटावर बी आपण वाऱ्याच्या खालच्या अंगालाच होतो. मला कधी ध्यानातच आलं न्हाई."

हिप्परग्यात गुरुबसप्पांना आनंद झाला, पण तो फार टिकला नाही. कोंडाबाईला मठाजवळची खोली नको होती. तिला ओढ्याच्या तोंडाजवळची जागा पाहिजे होती, आणि ती जागा बौद्धवाड्याला लागून होती.

"तिथं?" गुरुबसप्पा म्हणाले. "तिथं कामून? गावात ऱ्हावा की."

"नाव तिथं राहणार, अप्पा. नावाडी नावेपाशी."

"तसं न्हाई हो. नावेत बसायला गावाला त्या वस्तीतनं जावं लागंल. लोक काय म्हणतील?"

"पाणी आल्यावर बाकीच्या वाटा बुडणार हायत. ती एकच वाट वर राहते," कोंडाबाई म्हणाली. "लोकांना काय म्हणायचं ते नावेत बसून म्हणू द्या. मी ऐकते."

गुरुबसप्पांनी डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली. नाव तर पाहिजेच होती. "तुमची मर्जी," ते म्हणाले.

ओढ्याच्या तोंडाशी सपाट जागा होती ती भीमाच्या घराशेजारी. भीमा रोजगार हमीच्या रस्त्यावर खडी फोडायला जायचा. त्याची बायको सुमनबाई त्या सपाट जागेवर गौऱ्या थापायची. कोंडाबाईनं येण्याचं कारण सांगितलं तेव्हा तिनं शेणाचे हात तसेच ठेवून नव्या बाईला नखशिखांत बघून घेतलं.

"जागा गावठाणाची हाय, माझी न्हाई," सुमनबाई म्हणाली. "पन गौऱ्या मी पंधरा वर्सं थापते हितं. तुमी झोपडी टाकली तर मी कुठं थापू?"

"नावेच्या मागं उतारावर जागा हाय. आपण दोघी मिळून साफ करू."

"आन् एक." सुमनबाईनं घराकडं बघितलं. दारात तिची पोरगी पाटी-दप्तर आवरत होती. "ही आता पाचवीला जानार. मी हिला शिरूर अनंतपाळच्या हायस्कुलात घालनार हाय. पाणी आलं म्हनून हिची शाळा बुडली न्हाई पायजे. पाऊस असू, वारं असू, रोज न्यायचं. कबूल असंल तर ऱ्हावा."

"कबूल," कोंडाबाई म्हणाली.

"तुमच्या मालकाला इचारा की आधी."

"ते कुणाला न्हाई म्हणत न्हाईत. म्हणून मी बोलून राहिले."

सुमनबाई पहिल्यांदाच हसली. भीमानं संध्याकाळी आपणहून चार बल्ल्या आणून टाकल्या. आठवड्यात कुडाची झोपडी उभी राहिली. दोन बैलजोड्या लावून नावही ओढ्याच्या तोंडाशी आणली गेली.

बेलकुंडीनं हे मुकाट्यानं घेतलं नाही. शेषेराव पाटील लातूरला जाऊन अर्ज देऊन आले. जिल्ह्याच्या कचेरीत अजून उस्मानाबादहून आलेले गठ्ठे सुटायचे होते, तरी पाटलांचा अर्ज भराभर पुढं सरकला. पंधरा दिवसांत इंजिनियर साहेबांची जीप आली. साहेब तरुण होते, दोन्ही गावांची भांडणं ऐकून कंटाळलेले. ते आधी बेलकुंडीला पाटलांच्या ओसरीवर बसले आणि कोंडाबाई-नरसिंगला तिथंच बोलावलं.

आखाड लागला होता. आभाळात ढग नाही, पण पश्चिमेचं वारं असं सुटलं होतं की ओसरीवरचे कागद दगडाखाली ठेवावे लागत होते.

"साहेब, तिप्पट वस्ती," शेषेराव म्हणाले. "शाळा आमच्याकडं. पक्कं मकान द्यायला तयार हाव. आन् ही बाई म्हनती मला वारं आवडत न्हाई."

साहेबांनी कोंडाबाईकडं बघितलं. "काय हो बाई? तुमची अडचण काय आहे?"

"अडचण काय न्हाई, सायब," कोंडाबाई म्हणाली. "तुम्ही हितं ओसरीवर बसा, चहा घ्या. आमचं माणूस हिप्परग्यातून हाक मारंल. तुमच्या कानावर आली तर मी आजच पाटलांच्या मकानात सामान आणते."

तिनं नरसिंगला पाठवलं. नरसिंगचा आवाज मोठा, नदीवर तयार झालेला. अर्ध्या तासानं समोरच्या उतारावर पाचसहा माणसं उभी राहिली. हात तोंडाशी धरलेले दिसत होते. त्यांतल्या दोघांनी डोक्यावरचे पटके हलवले. ओसरीवर सगळे कान देऊन बसले. गिरणीचा पट्टा फडफडत होता, लिंबाची पानं सळसळत होती. बाकी काही नाही.

"ते ओरडलेच न्हाईत," शेषेराव म्हणाले. "नाटकं हायत, साहेब. आन् ऐकू न्हाई आलं तर आमी भोंगा लावू की. ग्रामपंचायतीचा भोंगा हाय."

"वीज गेली तर, पाटील?" कोंडाबाईनं विचारलं.

बेलकुंडीत वीज कधी असते हे सगळ्यांना माहीत होतं.

"चला मग," साहेब उठले. "मी तिकडं जाऊन बघतो. पाटील, तुम्ही इथंच थांबा आणि तुम्हीच हाक मारा. म्हणजे नाटकाचा प्रश्न नको."

साहेब कोंडाबाईसोबत तळ ओलांडून हिप्परग्याच्या उतारावर आले. बूट मातीनं भरले होते. गुरुबसप्पा, भीमा, सुमनबाई, बरीच माणसं जमली होती. समोर कपारीवर पाटलांचं पांढरं धोतर दिसत होतं.

"नावाडीऽऽ!" पाटलांनी हाक मारली. पाटलांचा आवाज असा जवळून आल्यासारखा आला की भीमाच्या दारातलं कुत्रं उठून भुंकलं.

साहेबांनी मान हलवली. ते वळणार तेवढ्यात पुन्हा आवाज आला. पाटील हाक मारून मागं फिरले होते आणि बाजूच्या कुणाशी तरी बोलत होते. पण त्यांना हळू बोलण्याची सवय नव्हती. "ह्या बाईनं त्या पोरसवदा साहेबाला पार येड्यात काढलं बग! पाय भाजत गेलं बिचारं. बूट गेले वाया!"

उतारावर कोणी हसेना. सगळे साहेबांकडं बघत होते. साहेबांनी आपल्या बुटांकडं बघितलं आणि तेच आधी हसले. मग मात्र हिप्परगा असा हसला की तो आवाज वाऱ्याविरुद्ध बेलकुंडीला गेला असता तर पाटलांना कळलं असतं. साहेबांनी नावेच्या फळीवर कागद ठेवून तिथंच शेरा लिहिला, नावाडी हिप्परगा येथे राहील.

तो पावसाळाही कोरडा गेला.

आता खरी परीक्षा सुरू झाली. नाव उन्हात राहिली की फळ्या आकसतात, सांधे उघडतात. अशी नाव पाण्यात टाकली तर चाळणीसारखी बुडते. नाव जगवायची तर ती ओली ठेवायला पाहिजे, आणि गावाला टँकर आठवड्यातून दोनदा यायचा. घागरींच्या रांगेत बायकांची भांडणं व्हायची. अशा दिवसांत कोंडाबाई रोज संध्याकाळी आपल्या वाटणीतलं तांब्या-दोन तांबे पाणी पोत्यांवर शिंपडायची. नाव पालथी घालून तिच्यावर पोती पांघरली होती.

एक दिवस गुरुबसप्पांनी ते पाहिलं. "माणसाला प्यायला पाणी न्हाई आन् तुम्ही लाकडाला पाजूलालाव?" ते रागानं म्हणाले.

"माझ्या घागरीतलं हाय, अप्पा."

"घागर गावाच्या टँकरातली हाय."

कोंडाबाईनं तांब्या खाली ठेवला. "बरोबर हाय तुमचं," ती म्हणाली. "प्यायचं पाणी हिला आजपासून न्हाई."

ती रात्रभर विचार करत बसली नाही. सकाळीच सुमनबाईच्या दारात गेली. "अक्का, भांडी घासलेलं पाणी तुम्ही कुठं टाकता?"

"कुठं टाकनार? ढोरं बी तोंड लावत न्हाईत. उकिरड्यावर."

"मला द्या."

दुसऱ्या दिवशी सुमनबाई राखेचं गढूळ पाणी डेचकीत घेऊन आली. आठवडाभरात बौद्धवाड्यातल्या सगळ्या घरांचं घासाधुण्याचं पाणी नावेवर येऊ लागलं. मग वरच्या आळीतल्या बायका आल्या. आधी सुनांना पाठवायच्या, पुढं स्वतः यायच्या. बायकांना संध्याकाळी बाहेर पडायला एक कारण झालं. नावेभोवती दहा-बारा जणी जमायच्या, बोलत बसायच्या. शेवटी गुरुबसप्पांच्या घरची गौरम्मा, त्यांची सून, पाय धुतलेलं पाणी बादलीत घेऊन आली. "मामंजींच्या पायाचं हाय," ती कोंडाबाईच्या कानात म्हणाली आणि दोघी तोंडाला पदर लावून हसल्या.

नरसिंगला मात्र रिकामं बसवेना. त्याच्या मावसभावानं लातूरच्या डाळमिलमध्ये काम बघितलं. "चल तिकडंच," नरसिंग म्हणाला. "पाणी येईल तवा यू परत. लातुरात खोली मिळती."

"तुम्ही जा, काम करा," कोंडाबाई म्हणाली. "मी हितं राहते. नावाड्यानं कायम वास्तव्य करावं म्हणून लिहिलंय. दोघांतला एक वास्तव्य करून राहिला तर बास."

"आन् पाणी आलंच न्हाई तर?"

"येतं. पाण्याला जागा ठाऊक असती." ती हे इतक्या सहज म्हणाली की नरसिंगनं आपली पिशवी भरायला घेतली. तो आठ महिने लातुरात राहिला. दर शनिवारी डाळीचं पीठ अंगाला लागलेलं असायचं तसाच यायचा, पिशवीत तुरीची चुणी, डाळीचा राहिलेला चुरा, घेऊन. ती चुणी आजूबाजूच्या चार घरांत वाटली जायची.

पुढच्या वर्षी मृगात पेरण्या झाल्या आणि भादव्यात पाणी आलं. हिप्परग्यावर त्या दिवशी फारसा पाऊसही नव्हता. वर कुठंतरी झाला होता. आधी खोलगटातलं डबकं हललं. मग पाणी भेगांतून गुपचूप पुढं सरकलं आणि तळातली सगळी काळी माती पिऊन झाल्यावर वर चढायला लागलं. दोन दिवसांत विहिरीचा कठडा गेला. बाभळीचे खुंट गेले. कोंडाबाई उतारावर उभी राहून एकेक खूण मोजत होती. डोळ्यांसमोरून जाणारी प्रत्येक गोष्ट मनात जागच्या जागी ठेवत होती. लातूरहून नरसिंग आला तेव्हा त्याला पलीकडून सहा कोस वळसा घालून, छातीभर पाण्यातून यावं लागलं.

तिसऱ्या दिवशी भीमानं आणि बाकीच्यांनी पोती काढली, नाव सुलटी केली आणि पाण्यात ढकलली. सगळं गाव काठावर जमलं होतं. नरसिंग आत उतरला, वाकून सगळ्या सांध्यांना हात लावून बघितला. हात कोरडा होता.

दुपारी समोरून हाक आली. "नावाडीऽऽ! ए पान्यावालेऽऽ!" बाईचा आवाज होता, म्हातारा पण खणखणीत.

कोंडाबाई नवऱ्याआधी नावेत बसली. दोघांनी मिळून वल्हं मारलं. कपारीवर साखराबाई बसली होती, बोचकं मांडीवर, शेजारी शेषेराव पाटील पुतण्याचं कर्तव्य म्हणून उभे.

"म्हायरी जाते म्हनती," शेषेराव खांदे उडवून म्हणाले. "तिथं आता हिचं कोन हाय? भाऊ बी गेला. पन ऐकंना." मग थोडं थांबून म्हणाले, "मी बी येतो. बघतो तरी कसं जमतं ते."

कपारीवरून म्हातारीला उतरवताना नरसिंगनं तिला सरळ उचलूनच घेतलं. नाव मधोमध आली तेव्हा शेषेराव नावेच्या कडेला दोन्ही हातांनी धरून खाली बघत होते. "हितं खाली माझी विहीर हाय," ते म्हणाले. "कठडा लागंल."

"ठाऊक हाय, पाटील," कोंडाबाई म्हणाली. "चार हात डावीकडून चाललोत."

शेषेरावांनी हात सैल केले. "तीस वर्सं पानी पिलो मी तिचं," ते म्हणाले, कुणाला उद्देशून नाही. उतरताना त्यांनी नरसिंगला सांगितलं की बेलकुंडीच्या कपारीला पायऱ्या खोदून देतो, गावकीतून. दिवाळीच्या आधी त्यांनी त्या खोदून दिल्याही.

साखराबाई चार दिवस माहेरी राहिली आणि वट्यावर बसून बेलकुंडीत कोण कोणाशी भांडतंय ते ऐकत बसली.

कार्तिकात तलावात मासे दिसू लागले. कोंडाबाईनं माहेरहून जाळं मागवलं. पहिल्या जाळ्यात निघालेल्या माशांचं हिप्परग्यात काय करायचं हा प्रश्न होता, कारण अर्धं गाव माळकरी आणि लिंगायत. "शिरूरला विकू," सुमनबाई म्हणाली. ती कोंडाबाईकडून मासा कापायला शिकली होती आणि तिच्यापेक्षा जोरात ओरडून विकू शकत होती. गुरुवारच्या बाजाराला दोघी पहाटेच निघाल्या. नरसिंगनं पल्याड शिरूरच्या रस्त्याकडच्या काठाला सोडलं, सुमनबाईच्या पोरीलाही शाळेसाठी सोडलं. तिघी रस्त्यावर एसटीची वाट बघत उभ्या राहिल्या.

गाडी आली. कंडक्टरनं दारातच नाक दाबलं. "वास येऊलालाय. टोपल्या टपावर ठेवा."

"ठेवते की," कोंडाबाई म्हणाली, आणि टोपल्या वर घ्यायला सुमनबाईच्या खांद्याला धरून गाडीच्या शिडीवर चढली.